‘फतेह’मधला गुन्हा अर्ध्यावर कुठे गेला?

प्रश्न असा आला आहे: “लोन ॲपचा विषय आहे म्हणून ‘फतेह’ मुद्दाम पाहिला आणि नंतर नुसती मारामारी बघून निराश झालो. तुम्ही सायबर तपासात काम करता. हे गुन्हे संगणकावर घडतात, त्यात पडद्यावर दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून दिग्दर्शकाला हाणामारीचा आधार घ्यावा लागतो का? दुसरं म्हणजे, सिनेमा पाहून घरी आल्यावर मावसभावाने सांगितलं की त्यानेही असंच ॲपवरून कर्ज घेतलंय आणि आता धमक्यांचे फोन येताहेत. त्याने काय करावं?”

मावसभावाचा प्रश्न जास्त तातडीचा, म्हणून आधी दोन वाक्यं त्याच्यासाठी. आज कुठलाही ‘शेवटचा हप्ता’ भरू नका आणि घाबरून फोन रिसेट मारू नका, कारण पुरावा त्या फोनमध्येच आहे. बाकीचं सविस्तर शेवटी लिहिलंय. सिनेमात रस नसेल तर त्याने थेट तिथे जावं.

आता तुमचा पहिला प्रश्न. सायबर गुन्ह्यात दाखवण्यासारखं काही नसतं, हे मला अजिबात पटत नाही. मी डिजिटल पुरावे तपासण्याचं काम करतो. कधी पोलिस ठाण्यांसाठी, कधी वकिलांसाठी, कधी बँकांसाठी. जप्त केलेले मोबाइल, खात्यांची विवरणपत्रं, कंपन्यांकडून आलेले लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, यांतच दिवस जातो. या कामात जीव जसा टांगणीला लागतो, तसा तो हिंदी सिनेमात लागलेला मला फारसा दिसलेला नाही. ‘फतेह’बद्दलची माझी निराशा हीच आहे. विषय हाताशी होता, माणसं हाताशी होती, आणि सिनेमाने गुन्ह्याचाच हात सोडला.

सुरुवात चांगली होती, हे आधी मान्य करायला हवं. चित्रपट १० जानेवारी २०२५ ला आला. दिग्दर्शक म्हणून सोनू सूदचा हा पहिलाच. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतून मजुरांना गावी पोहोचवण्यासाठी बसगाड्या लावणारा हा माणूस, त्याआधी नागपूरच्या यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. पहिल्या दिवशी तिकीट ९९ रुपये ठेवलं होतं. सद्भावना होती, आणि त्यात कथा पंजाबातल्या मोग्याची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावची. जुना गुप्त कामगिऱ्यांवरचा माणूस डेअरीवर शांतपणे नोकरी करतोय. गावातल्या लोकांना कर्जाच्या ॲपकडे नेण्यात नकळत गुंतलेली एक मुलगी संकटात सापडते, दिल्लीला जाते आणि बेपत्ता होते. फतेह तिच्या शोधात निघतो. एथिकल हॅकर खुशी, म्हणजे जॅकलिन फर्नांडिस, त्याला साथ देते. समोर रझा आणि सत्यप्रकाश ही खलनायकांची जोडी, अनुक्रमे नसीरुद्दीन शाह आणि विजय राज.

त्या मुलीची जागा नीट पाहा. ती बळी आहे आणि साखळीतला एक दुवाही आहे. गावात तिला तोंड दाखवायला जागा नाही, कारण तिच्या शब्दावर लोकांनी अंगठे दाबले. असा माणूस आमच्याकडे येतो तेव्हा तक्रारदार म्हणून बसवायचा की आरोपी म्हणून, इथूनच वाद सुरू होतो. या एका पेचावर दोन तास खिळवून ठेवता आलं असतं. सिनेमा तिला नायकाच्या रागाचं निमित्त करतो आणि पुढे निघून जातो.

लोन ॲपचा फास कसा आवळतो, हे एकदा सावकाश पाहू, म्हणजे पडद्यावर काय यायला हवं होतं ते कळेल. गरज असते पाच हजारांची. ॲप उतरवताना ते संपर्क यादी, फोटो, कॅमेरा, एसएमएस, लोकेशन अशा सगळ्या परवानग्या मागतं, आणि गरजवंत माणूस प्रत्येक चौकटीवर ‘अलाऊ’ दाबत जातो. त्याच मिनिटाला सगळी संपर्क यादी परदेशातल्या एखाद्या सर्व्हरवर गेलेली असते. ‘प्रोसेसिंग फी’च्या नावाखाली बरीच रक्कम आधीच कापली जाते. हातात येतात तीनएक हजार, फेडायचे पाच हजार, तेही सात दिवसांत. मुदत संपायच्या आदल्या दिवसापासून फोन सुरू. त्याच सुमाराला फोनवर दुसऱ्या ॲपची जाहिरात झळकते. माणूस पहिल्याचं फेडायला दुसऱ्याकडून घेतो, दुसऱ्याचं फेडायला तिसऱ्याकडून. मागे बरेचदा एकच टोळी असते.

मग संपर्क यादी कामाला लागते. आपण आपल्या हाताने ‘बाबा’, ‘सासूबाई’, ‘मॅनेजर सर’ अशी नावं साठवून ठेवलेली असतात. कोणाला आधी फोन लावला की घाव वर्मी बसेल, हे त्यांना शोधावंच लागत नाही. नातेवाइकांचा व्हॉट्सॲप गट केला जातो, त्यात कर्जदाराच्या फोटोवर ‘चोर’ लिहून टाकतात. त्यानेही भागलं नाही तर चेहरा कापून अश्लील फोटोला जोडतात.

एक शिक्षिका माझ्यासमोर बसलेली आठवते. गाव, नाव सांगत नाही. फोन टेबलावर ठेवलेला, आवाज बंद केलेला, तरी दर मिनिटाला स्क्रीन उजळत होती. रक्कम किती गेली याबद्दल ती बोललीच नाही. तिचा पहिला प्रश्न होता, “सर, माझ्या यादीत शाळेतले पालक किती आहेत, ते काढून देता येईल का?” आम्ही यादी काढली. प्रत्येक वर्गासाठी तिने मुलाचं नाव आणि पुढे ‘आई’ किंवा ‘वडील’ असं लिहून ठेवलेलं होतं. ती एकेका नावावर बोट ठेवत खाली सरकत होती. त्या खोलीत कोणी कोणाला हातही लावला नव्हता, आणि तिथली भीती ‘फतेह’च्या कुठल्याही प्रसंगात मला सापडली नाही.

हे सगळं गेल्या काही वर्षांत देशाच्या डोळ्यांदेखत घडलंय. २०२० च्या अखेरीस तेलंगणात लागोपाठ आत्महत्या झाल्या तेव्हा हैदराबाद पोलिसांनी धरपकड केली आणि त्यात चिनी नागरिकही सापडले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये कार्यगट नेमला. त्याच्या अहवालात निरनिराळ्या ॲप स्टोअरवरच्या सुमारे १,१०० कर्ज ॲपपैकी सुमारे ६०० बेकायदा असल्याचं नोंदवलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आले: कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जावी, मध्ये कोणाचं खातं नको, आणि ॲपने संपर्क यादी, कॉलची नोंद, फाइली यांना हात लावू नये. ३१ मे २०२३ पासून गूगलनेही प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो बघायची बंदी केली. तेव्हापासून टोळ्या व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर लिंक पाठवून एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून बसवायची ॲपची फाइल, उतरवून घ्यायला लावतात. २०२५ च्या सिनेमात हा डाव-प्रतिडाव यायला हवा होता. नियम आला की टोळी वाट बदलते, पुन्हा नियम, पुन्हा वाट. ‘फतेह’ पाहताना मात्र ॲप म्हणजे एक काळी जादू आणि ती करणारा मांत्रिक दिल्लीत बसलाय, असंच वाटत राहतं.

पैशाचा माग हा या गुन्ह्यातला खरा पाठलाग. मोटारींच्या पाठलागापेक्षा तो जास्त वेगवान असतो. बळीने भरलेली रक्कम पहिल्या खात्यात पडते. ते खातं कोणाचं? बहुधा एखाद्या कॉलेजच्या पोराचं, बांधकामावरच्या मजुराचं किंवा कर्जबाजारी दुकानदाराचं. त्याने काही हजारांच्या बदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम असं सगळं ‘किट’ कोणाला तरी देऊन टाकलेलं असतं. तपासात याला म्यूल खातं म्हणतात, बोलताना सरळ ‘भाड्याचं खातं’. पहिल्या खात्यातून रक्कम पाच-सात खात्यांत फुटते, तिथून पुढे आणखी. हे थर, म्हणजे लेयर, काही मिनिटांत ओलांडले जातात. शेवटी कुठे एटीएममधून रोख निघते, कुठे क्रिप्टो होऊन देशाबाहेर जाते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन आला की तिकडे ही शर्यत सुरू होते. तक्रार नोंदवणारा रक्कम, वेळ आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, विचारतो. बँकेकडे निरोप जातो, बँक त्या रकमेवर ‘होल्ड’ टाकते. पैसे पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला कळवते. कधी तिसऱ्या थरावर पैसे सापडतात, कधी खातं नुकतंच रिकामं झालेलं असतं. आणि याच साखळीत कधी एखाद्या भाजीवाल्याचं खातं गोठतं, कारण भाड्याच्या खात्यातून कोणीतरी त्याच्याकडून भाजी घेतलेली असते. तो बिचारा महिनाभर बँकेच्या पायऱ्या झिजवतो. नायक, खलनायक आणि मधल्या मध्ये भरडला जाणारा निरपराध, सगळे इथेच आहेत. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. एवढा पैसा कुठल्या वाटांनी जातो, हे कुतूहल प्रेक्षकाला आहेच. सिनेमाने ते वापरून घ्यायला हवं होतं.

खुशीच्या पात्राबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. एथिकल हॅकर मुलगी हिंदी सिनेमात मुख्य भूमिकेत येते आणि तिचं काम काय, तर नायकाला पुढच्या मारामारीचा पत्ता देणं. ती कीबोर्ड बडवते, उत्तर मिळतं. पडद्यावर असं दिसायला लागलं की प्रेक्षकाचा रस तिथेच संपतो, कारण अडचणच शिल्लक राहत नाही. हॅकरला सगळंच शक्य असेल तर पुढे काय होईल ही धाकधूक उरेल कशी?

खऱ्या कामात अडचणींचीच गोष्ट असते. एक उदाहरण देतो. कंपनीकडून लॉग येतो: अमुक आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, अमुक वेळी लॉगिन झालं. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात, त्यामुळे नुसत्या आयपीवरून माणूस सापडत नाही. सोबत त्या पत्त्यावरची नेमकी जोडणी ओळखू देणारा पोर्ट क्रमांक हवा आणि वेळ सेकंदापर्यंत अचूक हवी. ती वेळ बहुतेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. लॉगमध्ये १८:४० दिसलं, तर आपल्या घड्याळात रात्रीचे १२ वाजून १० मिनिटं झालेले असतात आणि तारीखही बदललेली असते. हे साडेपाच तास धरायला कोणी विसरलं, तर मोबाइल कंपनीकडून येणारं नाव भलत्याच ग्राहकाचं असतं. मग पहाटे पोलिस कोणाच्या दारावर थाप मारतील, याचा विचार करा. दार उघडणारा म्हातारा, मागे बावरलेली सून, आणि इकडे कागद पुन्हा चाळताना कोणाच्या तरी लक्षात येतं की तारीख चुकली आहे. खुशीला असा एखादा प्रसंग दिला असता तर ती माणूस झाली असती.

कायद्याचाही एक ताण असतो, तो सिनेमा पूर्ण सोडून देतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. छोट्या ठाण्यात असा अधिकारी एखादाच, आणि त्याच्या डोक्यावर बंदोबस्तापासून सगळं. दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हाच आहे, मग तो सर्व्हर चोराचा का असेना. मिळालेल्या पुराव्याची हॅश, म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेली ओळखखूण, नोंदवावी लागते, म्हणजे पुढे कोणी एक अक्षर बदललं तरी कळेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचं प्रमाणपत्र लागतं. ते नीट नसेल तर डोळ्यांसमोर असलेला पुरावा कोर्टात उभा राहत नाही. खुशी जे काही शोधून काढते त्यातलं कोर्टात किती टिकेल, हा प्रश्न चित्रपटात कोणी तिला विचारत नाही. कारण तिथे न्याय कोर्टात व्हायचाच नसतो.

मग न्याय कुठे होतो? कॉरिडॉरमध्ये. मारामारीची दृश्यं कसबाने केली आहेत, हे मी प्रांजळपणे सांगतो. लांबलचक चालणारी ती रक्तबंबाळ हाणामारी बसवायला मेहनत लागली असणार, आणि सोनू सूदच्या अंगात ती ताकद दिसते. पण फतेह ज्यांना मारतो ते कोण आहेत? बिनचेहऱ्याचे गुंड. फोनवरून त्या मुलीच्या गावाला छळणारे आवाज त्यांच्यात नाहीत. ते आवाज कुठून येतात, हे आज जगाला माहीत आहे. कंबोडिया, म्यानमार इथल्या कुंपणबंद वसाहतींमध्ये नोकरीच्या आमिषाने नेलेल्या पोरांना डांबून ठेवतात, पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवर लोकांना फसवायला बसवतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमार-थायलंड सीमेवरून पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांतून परत आणलं, ते अशाच अड्ड्यांवरून सुटलेले. फोनच्या पलीकडून शिव्या देणारा स्वतः कैदेत असू शकतो. हातोडा घेऊन निघालेल्या नायकासमोर असा एक पोरगा उभा केला असता तर त्याचा हात थबकला असता, आणि प्रेक्षकाचा श्वासही.

सूत्रधाराचंही तसंच. नसीरुद्दीन शाहांसारखा नट मिळाल्यावर त्याच्या तोंडी या धंद्याचं गणित द्यायचं: माणसाच्या लाजेची किंमत किती, किती दिवसांत माणूस मोडतो, किती टक्के लोक तक्रारच करत नाहीत. त्यांनी ते थंड आवाजात सांगितलं असतं तर अंगावर काटा आला असता. चित्रपटात रझा फक्त धोकादायक आहे असं सांगितलं जातं. तो धोकादायक का आहे, हे कळायला आपल्याला काही दिसत नाही. शिवाय एका रझाला संपवलं की प्रश्न संपतो, हा हिशेब या गुन्ह्याला लागूच पडत नाही. सर्व्हर एका देशात, खाती दुसऱ्या, आवाज तिसऱ्या. एक ॲप बंद पडलं की तोच कोड नवं नाव आणि नवा लोगो लावून दोन दिवसांत परत येतो.

तुम्ही विचाराल की मग तांत्रिक बाजू अचूक ठेवली की सिनेमा चांगला होतो का? तेवढ्यानेही होत नाही. मायकल मान यांचा ‘ब्लॅकहॅट’ हा २०१५ चा हॉलिवूडपट याचंच उदाहरण. केव्हिन पोल्सन हे पूर्वाश्रमीचे हॅकर आणि नंतरचे पत्रकार त्याचे सल्लागार होते. त्यात एक प्रसंग आहे: अमेरिकी सुरक्षा संस्थेचं एक सॉफ्टवेअर हवंय, अधिकारी देत नाहीत. नायक त्या अधिकाऱ्याला पासवर्ड बदलण्याच्या सूचनांची म्हणून एक पीडीएफ पाठवतो. अधिकारी ती उघडतो, कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्रॅम, बसतो, आणि तो आज्ञाधारकपणे नवा पासवर्ड टाइप करतो. काम फत्ते. असं खरोखर घडतं, आणि पाहताना श्वास अडकतो. पण हॅकर म्हणून क्रिस हेम्सवर्थला घेतलं, माणसामाणसांतली नाती पातळ ठेवली आणि शेवट जकार्तातल्या मिरवणुकीत चाकू-स्क्रूड्रायव्हरच्या झटापटीवर नेला. सुमारे ७ कोटी डॉलरच्या चित्रपटाने जगभरात २ कोटीही गाठले नाहीत. दिग्दर्शकाने पुढे त्याची स्वतःची आवृत्ती काढली, त्यात घटनांचा क्रमही बदलला. तरी मी नवशिक्या मुलांना तो पीडीएफचा प्रसंग आवर्जून दाखवतो. ‘फतेह’मधून असा एकही प्रसंग मला वर्गात दाखवता येणार नाही.

आणि गोष्ट हवी असेल तर पुण्याची आहेच. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरलेलं. एटीएमवर कार्ड घातलं की ‘पैसे द्यायचे का?’ असा प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे जायला हवा. तो मधल्यामध्ये एका बनावट यंत्रणेने अडवला आणि प्रत्येक वेळी ‘द्या’ असं उत्तर दिलं. खात्यात किती शिल्लक आहे हे कोणी पाहतच नव्हतं. २८ देशांतल्या एटीएमवर बनावट कार्डं घेऊन माणसं उभी होती, काही भारतातही, कोल्हापुरातसुद्धा. काही तासांत सुमारे ८० कोटी निघाले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पोलिसांनी एटीएमवरचं चित्रीकरण, मोबाइलचे टॉवर, कार्डांच्या नोंदी जुळवत पैसे काढणाऱ्यांपर्यंत मजल मारली, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ही सगळी खालची माणसं, एटीएमसमोर उभं राहून कार्डं सरकवणारी. वरचे हात लागले नाहीत.

या गोष्टीत एकही गोळी सुटत नाही. कोल्हापुरात एटीएमच्या काचेआड एक पोरगा उभा आहे, मशीन नोटा मोजतंय, संपतच नाहीये, आणि तो मागे वळून पाहतोय. त्याला माहीत नाही की याच क्षणी जगभर किती जण अशीच नोटांची वाट बघत उभे आहेत. सिनेमा करणाऱ्याला याहून जास्त काय हवं? म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे. मारामारीचा आधार विषय कोरडा म्हणून घेतला जात नाही. विषयाच्या आत शिरायला लागणारा वेळ कोणी दिलेला नसतो, म्हणून घेतला जातो. ठाण्यातल्या सायबर कक्षात आठवडाभर नुसतं बसलं असतं तरी या पटकथेची दुसरी बाजू उलगडली असती.

आता मावसभाऊ.

त्याला सांगा, यात त्याचा गुन्हा काही नाही. कर्ज घेणं हा गुन्हा नाही आणि छळवणूक मात्र गुन्हा आहे. आधी पुरावा जपायचा: धमक्यांचे संदेश, फोन आलेले नंबर, पैसे भरलेल्या यूपीआय आयडी, ॲपचं नाव आणि ते कुठल्या लिंकवरून उतरवलं, या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कोणाच्या फोनवर किंवा मेलवर पाठवून ठेवायचे. व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवायचं. त्यानंतर ॲपच्या परवानग्या काढायच्या आणि मग ॲप. यादी आधीच गेलेली आहे, त्यामुळे ॲप काढल्याने छळ लगेच थांबणार नाही. पण नवे फोटो आणि एसएमएस तरी हाती लागणार नाहीत.

पैसे भरून सुटका होते हा समज सोडा. एकदा भरलं की ‘हा भरतो’ अशी नोंद होते आणि मागणी वाढते. गेल्या एक-दोन दिवसांत पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार. यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. तो बँकेच्या संदेशात किंवा यूपीआय ॲपच्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. तक्रारीचा पोचक्रमांक घेऊन जवळच्या ठाण्यात जा. फोटो बदलून पाठवले असतील तर ते स्पष्ट सांगा, लाजून ‘फक्त पैशाचं आहे’ म्हणू नका. त्याची कलमं वेगळी आहेत आणि गांभीर्यही. असे फोटो पसरू नयेत म्हणून ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सोय आहे. त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याची हॅश तयार होते आणि सामील असलेल्या समाजमाध्यमांकडे जाते. कर्ज देणारं ॲप खरं की खोटं हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या डिजिटल कर्ज ॲपच्या यादीत तपासता येतं, आणि बेकायदा सावकारीची तक्रार रिझर्व्ह बँकेच्याच ‘सचेत’ पोर्टलवर करता येते. धमकीचे नंबर ‘संचार साथी’ या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवरच्या ‘चक्षू’त नोंदवा.

सगळ्यात अवघड काम त्याला स्वतःला करायचंय: यादीतल्या लोकांना आपणच आधी सांगायचं. चार ओळींचा संदेश पुरतो. ‘माझ्या फोनमधली माहिती चोरीला गेली आहे, माझ्या नावाने खोटे फोटो किंवा पैशाच्या मागण्या येतील, उत्तर देऊ नका, नंबर ब्लॉक करा, मी पोलिसात तक्रार केली आहे.’ हा संदेश आधी पोहोचला की टोळीच्या हातातलं मुख्य हत्यार बोथट होतं. मी हे अनेकदा पाहिलंय. घरी कोणाला सांगायची हिंमत होत नसेल तर तुम्ही सोबत बसा, पहिला फोन आई-वडिलांना लावून द्या. त्याला झोप लागत नसेल, जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. पुढचे आठ-दहा दिवस फोन येत राहतील. त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका आणि त्याचा फोन शक्य तितका वेळ तुमच्याकडे असू द्या.